भाऊबीजेचं टेबल: सहा जणांच्या जेवणाची मांडणी आणि सजावट

टेबल सजवायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: जेवण वाढणार कोण आणि कुठून. आपलं सणाचं जेवण एकदाच वाढून होत नाही. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाज्या, मग भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. पुऱ्या गरम गरम येत राहतात, श्रीखंडाचा आग्रह होतो, मसालेभात फिरतो, शेवटी मठ्ठा. एकेका ताटावर वाढणाऱ्याचा हात किती वेळा येतो ते मोजून पाहा, म्हणजे सजावटीला खरोखर किती जागा उरते ते कळेल. पंगतीत वाढपी समोरून, दोन रांगांच्या मधून फिरतो. टेबलाला समोरची वाट नसते. तिथे जेवणाऱ्याच्या खांद्यावरून हात घालावा लागतो, आणि हातात आमटीचं ओगराळं असतं.

म्हणून मधोमध उंच फुलदाणी, तिच्या दोन्ही अंगांना मेणबत्त्यांचे स्टँड आणि उरलेल्या जागेत ताटं, हा क्रम आपल्या जेवणाला चालत नाही. आपण ताटापासून सुरुवात करायची. ताट, त्याच्या भोवतीची महिरप, पाण्याचं भांडं आणि वाढणाऱ्याचा हात, इतकं बसलं की उरलेली जागा फुलांना आणि दिव्यांना.

खालची सगळी मापं सहा फूट बाय तीन फूट (180 बाय 90 सेंटिमीटर) टेबलाची, लांब बाजूंना तीन-तीन माणसं बसतील अशी धरली आहेत. निमित्त भाऊबीजेचं आहे, कार्तिक शुद्ध द्वितीयेचं. पाडव्याला किंवा इतर कुठल्याही सणाच्या जेवणाला हीच मांडणी चालते.

आधी कागदावर

तीन माणसांना 180 सेंटिमीटर, म्हणजे माणशी 60. हे माप चांगलं आहे, कोपराला कोपर लागत नाही. ताट बारा इंची, म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाचं धरा आणि टेबलाच्या कडेपासून 3 सेंटिमीटर आत ठेवा. कडेला अगदी लावून ठेवलेलं ताट पुरी तोडताना कलंडतं.

ताटाच्या वरच्या अर्ध्या भागाभोवती फुलांची महिरप करायची आहे. साडेतीन सेंटिमीटरची शेवंती घेतली आणि ताट व फुलं यांच्यात बोटभर फट ठेवली, तर महिरपीची बाहेरची कड ताटाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर येते. म्हणजे एका माणसाची रुंदी 40, आणि शेजाऱ्याच्या महिरपीपर्यंत 20 सेंटिमीटर मोकळे. त्यात पाण्याचं भांडं मावतं, हातही जातो. टेबलाच्या कडेपासून महिरपीच्या टोकापर्यंत 38 सेंटिमीटर जातात. समोरासमोरचे दोघे मिळून 76. नव्वदातून उरले 14, म्हणजे वीतभरही नाही.

या चौदा सेंटिमीटरच्या पट्ट्यात वाडगे आणि दिवे कोंबायचा मोह होतो. पण खरी जागा दुसरीकडे आहे. शेजारच्या दोन आणि त्यांच्या समोरच्या दोन, अशा चार महिरपी जिथे एकमेकींना पाठ देतात, तिथे जवळपास 40 सेंटिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ तयार होतं. सहा माणसांच्या टेबलावर अशी दोन वर्तुळं मिळतात. सजावटीचं वजन इथे टाकायचं.

टेबल पाच फुटी असेल तर माणशी 50 सेंटिमीटरच मिळतात. तिथे पूर्ण महिरपीचा हट्ट धरू नका. ताटाच्या वरच्या बाजूला पाच किंवा सात फुलांची कमान पुरे.

जेवणाची पातेली टेबलावर ठेवायची नाहीत. भिंतीलगत एखादं छोटं टेबल, चौरंग किंवा स्वयंपाकघराचा ओटा वाढपासाठी मोकळा ठेवा. गरम भांड्यांखाली अडणी हवी, नाहीतर लाकडाच्या पॉलिशवर पांढरं कडं उमटतं.

चादर आणि खण

खालची चादर सुती, पांढरी किंवा मोतिया. कडांवरून 25 सेंटिमीटर लोंबेल इतकी, म्हणजे 230 बाय 140. याहून लांब ठेवली की खुर्ची ओढताना पायाखाली सापडते आणि मांडलेलं सगळं सरकतं. काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावर सुती कापड घसरतंच. ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी मिळते, तिचे तीन-चार तुकडे चादरीखाली टाका.

मधल्या पट्ट्यासाठी खणाच्या कापडाला तोड नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खण आपल्या घरात चोळ्यांमुळे आला. त्याची बारीक वीण आणि दोन्ही कडांचे काठ दिव्याच्या उजेडात फार सुंदर दिसतात. खणाचा पन्हा कमी असतो, तरी टेबलाच्या पट्टीला पुरून उरतो. पट्टी नेमकी 24 सेंटिमीटर रुंद करा, कारण समोरासमोरच्या दोन ताटांच्या मध्ये तेवढंच अंतर आहे. पट्टी रुंद झाली तर ताटाची वरची कड दुमडीवर चढते, ताट आपल्याकडे उतरतं आणि आमटी पुढच्या कडेला जमा होते. लांबी 220, म्हणजे दोन्ही टोकांना वीसवीस सेंटिमीटर लोंबेल. कापण्याऐवजी कडा आत दुमडून धावदोरा घातला तर कापड पुढे दुसऱ्या कामाला येतं.

गडद खण पाण्यानं रंग सोडू शकतो. एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर मिनिटभर दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर त्या खणाखाली पांढरी चादर घालू नका. जुन्या इरकली लुगड्याचा काठही पट्टीला छान दिसतो. पैठणी मात्र टेबलावर पसरू नये. तेलाचा एक थेंब जरीला कायमचा राहतो.

फुलांची महिरप

ताटाभोवतीची महिरप रांगोळीनं काढायची आपली जुनी रीत जमिनीवरच्या पंगतीची आहे. टेबलावर रांगोळी काढू नका. ती दगडाची पूड असते, रंगही खाण्याचे नसतात, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती थेट ताटात येते. मण्यांच्या, लोकरीच्या तयार महिरपी मिळतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात. पण ताज्या फुलांची महिरप घरी करायला जमते, आणि सहा महिरपींना दोघींचा तास-दीड तास लागतो.

साहित्य: जाड पुठ्ठा (खोक्याचा चालेल), केळीच्या पानाच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, जाड सुती दोरा, सुई आणि पांढरी शेवंती. एका महिरपीला 16 फुलं लागतात. अर्धवर्तुळाची लांबी साधारण 56 सेंटिमीटर, फूल साडेतीनचं, असा हा हिशेब आहे. सहा ताटांना 96. अर्धा किलो शेवंती आणली की दबलेली, पाकळ्या गळालेली फुलं वगळूनही पुरते.

पुठ्ठ्यावर एक टाचणी टोचा, तिला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला पेन्सिल अडकवा. आधी 16 सेंटिमीटरवर आणि मग 20 सेंटिमीटरवर अर्धवर्तुळ काढा. मधली चार सेंटिमीटरची कमान कापून घ्या. पहिली कमान खऱ्या ताटाला लावून पाहा, मग तीच ठेवून बाकीच्या पाच आखा. आपल्या ताटाचा व्यास अकरा इंच असेल तर दोन्ही मापांतून एक-सव्वा सेंटिमीटर कमी करा.

कमानीवर केळीच्या पानाची पट्टी गुंडाळून मागच्या बाजूला टेपनं चिकटवा. पानामुळे फुलांचा ओलावा पुठ्ठ्यात मुरत नाही आणि फुलांच्या फटींतून खाकी पुठ्ठा दिसत नाही. आता फुलं ओवा. हारासारखी मधून सुई घालू नका, तशी फुलं कुशीवर पडतात. देठ कापून टाका आणि पाकळ्यांच्या खालचा जो टणक हिरवा भाग असतो, त्यातून सुई आडवी काढा. म्हणजे प्रत्येक फुलाचं तोंड वर राहतं. दोरा सत्तर सेंटिमीटर घ्या. सोळा फुलं ओवून झाली की सर कमानीवर ठेवून दोन्ही टोकं मागे गाठवा आणि मध्ये तीन ठिकाणी दोऱ्यानं बांधा. फार ताणलं की सर आतल्या बाजूला सरकते, ढिलं ठेवलं की फुलांमध्ये फटी पडतात. फुलं एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत.

कमानीच्या शेंड्याला, म्हणजे ताटाच्या बरोबर समोर, शेवंतीऐवजी एकच केशरी झेंडू ठेवा. तेवढा पुरे. श्रीखंड पिवळं, बटाट्याची भाजी पिवळी, वरण पिवळं, मसालेभातही तसाच. भोवती झेंडूच झेंडू लावले तर ताट आणि सजावट एकमेकांत विरघळतात. पांढऱ्या-हिरव्यात जेवणाचे रंग उठून दिसतात.

पुठ्ठ्याचा आणखी एक उपयोग आहे. कुणाला जागा अपुरी वाटली, लहान मूल शेजारी बसलं, तर अख्खी महिरप एका हातानं उचलून बाजूला ठेवता येते.

महिरपी सकाळी करून ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती कापडाखाली सावलीत ठेवा. वर पाणी शिंपडू नका. पाकळ्यांत अडकलेलं पाणी त्यांना काळं पाडतं आणि पुढे चादरीवर उतरतं.

दोन घंगाळी, दोन दिवे

ती दोन मोकळी वर्तुळं आठवा. तिथे 22 ते 25 सेंटिमीटर व्यासाचं पसरट पितळी घंगाळं, उरळी किंवा खोलगट परात ठेवा. यापेक्षा मोठं भांडं मावेल, पण मग पाण्याच्या भांड्यांना जागा उरत नाही.

टेबलावर उघडी ज्योत ठेवायची तर ती पाण्याच्या मधोमध ठेवा. वाढणाऱ्या बाईचा पदर, ओढणी, कुर्त्याची बाही या सगळ्यांपासून ती लांब राहते, आणि पणती कलंडलीच तर पाण्यात पडते. तरंगत्या पणत्या मात्र त्रास देतात. फुलं त्यांना ढकलत कडेला नेतात, टेबलाला धक्का बसला की तेल सांडतं, पाण्यावर तवंग येतो. त्यापेक्षा घंगाळ्याच्या मध्यभागी पाच सेंटिमीटर उंचीची वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर पणती. भोवती चार सेंटिमीटर पाणी.

यात एक चूक बहुतेकांकडून होते. कोरडी वाटी उपडी ठेवून वरून पाणी ओतलं की आत हवा कोंडते. वाटी हलकी असेल तर ती डुगडुगते, सरकते, आणि वरची पणती तिच्याबरोबर जाते. म्हणून आधी पाणी भरा, वाटी पाण्यात तिरकी धरून आतली हवा बुडबुड्यांनी जाऊ द्या आणि मग बुडाशी पालथी टेकवा. ती जागची हलत नाही. वाटी जड स्टीलची किंवा पितळेची घ्या.

फुलांचे देठ एक सेंटिमीटर ठेवून कापा आणि तोंड वर करून सोडा. बाहेरच्या कडेला झेंडू, आत शेवंती. ज्योतीपासून चार बोटं मोकळं पाणी राहू द्या. पाकळी आचेनं करपली की वास येतो, आणि तो जेवणाच्या वासात मिसळतो. घंगाळ्यात फुलं खच्चून भरू नका. थोडं पाणी दिसलं तरच त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

मातीची पणती कोरी असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी काढून कोरडी करा. कोरडी माती तेल पिते, दिवा लवकर शांत होतो आणि बुडाशी तेल पाझरतं. भिजवल्यावरही थोडं पाझरतंच, म्हणून मातीची पणती थेट कापडावर कधीच ठेवू नये. तेलवातीऐवजी तुपाची फुलवात घातलेलं निरांजन टेबलाला जास्त बरं. वात मध्ये उभी राहते, कडेवरून थेंब गळत नाही. तेलाची वात पणतीच्या चोचीबाहेर दोन-तीन मिलिमीटरच काढा. लांब वातीला काजळी धरते.

दिवा किती वेळ चालेल हे वातीच्या जाडीवर आणि पणतीच्या खोलीवर ठरतं. आदल्या दिवशी एक पणती काठोकाठ भरून लावा आणि घड्याळात वेळ बघा. जेवण दोन तासांचं असेल आणि पणती सव्वा तास चालत असेल, तर दुसरी भरलेली पणती तयार ठेवायची. पेटत्या दिव्यात टेबलावर तेल ओतायला जाऊ नका.

आता पंखा. दिवाळी बरेचदा ऑक्टोबरच्या उकाड्यात येते आणि मुंबईत, कोकणात पंखा बंद ठेवून कुणी जेवू शकत नाही. पंख्याखाली उघडी ज्योत थरथरते, धूर सोडते आणि विझते. रुंद तोंडाचा काचेचा ग्लास घ्या, तोंड किमान दहा सेंटिमीटर, उंची ज्योतीच्या टोकापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त. दिवा त्यात उतरवा आणि ग्लास घंगाळ्यात वाटीऐवजी ठेवा. अरुंद किंवा पातळ काच ज्योतीजवळ तापून तडकते. एवढं करूनही जमत नसेल तर मेणाचे छोटे पत्र्यातले दिवे वापरा, ते तीन-चार तास चालतात, किंवा पिवळसर प्रकाशाची एलईडी माळ खणाच्या कडेनं सोडा. पांढऱ्या-निळ्या माळेखाली वरणाचा रंग उतरलेला दिसतो. रंगीत माळेखाली तर कुठलाच पदार्थ ओळखीचा राहत नाही.

सुट्या पाकळ्यांचे गालिचे पंख्याखाली टिकत नाहीत. मधल्या चौदा सेंटिमीटरच्या पट्ट्यात आंब्याची पानं एकाआड एक तिरकी मांडा, वर अंतराअंतरानं अख्खी फुलं ठेवा. आंब्याची पानं धुऊन पुसा आणि तेलाचं बोट लावलेल्या फडक्यानं एकदा फिरवून घ्या. ती चकाकतात आणि दुसऱ्या दिवशीही ताजी दिसतात.

उंचीसाठी सोपी खूण: खुर्चीवर बसा, कोपर टेबलावर टेकवा, हात उभा करा. मनगटाच्या वर जाणारी कुठलीही वस्तू समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआड येते. समई म्हणूनच टेबलावर नको. ती खोलीच्या कोपऱ्यात, ताटलीत ठेवून, पडद्यापासून लांब लावा.

केळीचं पान

ताटात केळीचं पान घातलं की साध्या स्टीलच्या ताटालाही सणाचा डौल येतो. अख्खं पान टेबलावर मांडायचं झालं तर त्याला 45 सेंटिमीटर रुंदी लागते आणि महिरपीला जागा राहत नाही, म्हणून इथे पान ताटात बसवायचं. मधला दांडा वगळून दोन्ही बाजूंच्या पात्यांतून 27-28 सेंटिमीटरचे गोल कापा. दांडा ठेवला तर पान ताटात डुगडुगतं आणि वाट्या तिरक्या बसतात. दोन मोठी रुंद पानं सहा गोलांना पुरतात, पण फाटण्याची शक्यता धरून तिसरं आणा.

पान शिरांच्या दिशेनं फाटतं. ते टाळायला गॅसच्या मंद आचेवरून पाठीकडून भराभर फिरवा. फिकट, धुरकट हिरवा रंग बदलून गडद आणि तुकतुकीत झाला की थांबा. पान मऊ पडतं, दुमडलं तरी चिरत नाही. एका जागी थांबलात तर तिथे तपकिरी डाग पडतो. पान शेकूनच कापा, आधी कापलेला गोल आचेवर आकसतो.

कापलेल्या कडेतून चीक येतो. तो कपड्याला लागला की काळपट डाग पडतो आणि धुतला तरी जात नाही. म्हणून पानं कापून वर्तमानपत्रावर तासभर उभी ठेवा, कडा ओल्या फडक्यानं पुसा, मगच पांढऱ्या चादरीजवळ न्या.

टोकासकटचं पान मांडणार असाल तर टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वाढण्याची बाजू मात्र ताटातही तीच: मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाज्या आणि आमटी-श्रीखंडाच्या वाट्या; समोर भाताची मूद. उजवा हात खरकटा असतो, म्हणून पाण्याचं भांडं डाव्या हाताला, दोन महिरपींच्या मधल्या जागेत. वाढणाऱ्यानं डाव्या खांद्यावरून यावं, म्हणजे जेवणाऱ्याच्या उजव्या हाताशी टक्कर होत नाही. आमटी वाढताना वाटी उचलून घ्यावी.

पितळेची भांडी चिंच-मिठानं घासून, लगेच धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसा. तशीच वाळू दिली तर पाण्याचे ठिपके राहतात. पितळ फुलांना आणि पाण्याला वापरा. कल्हई नसलेल्या भांड्यात कोशिंबीर, कढी, मठ्ठा, श्रीखंड ठेवू नका, आंबट पदार्थ कळकतात आणि पोटाला बाधतात.

नावं आणि ओवाळण्याची जागा

कोण कुठे बसणार हे लिहून ठेवलं की ऐनवेळची ओढाताण टळते. आवळे या दिवसांत बाजारात येऊ लागतात. आवळ्याचा बुडाचा पातळ काप काढा म्हणजे तो गडगडत नाही, वर सेंटिमीटरभर खोल खाच पाडा आणि त्यात नावाची जाड कागदाची चिठ्ठी बसवा. कापलेली बाजू काळी पडते, म्हणून खाली विड्याचं पान. आजी-आजोबांसाठी अक्षर मोठं काढा.

भाऊबीजेला औक्षण जेवणाआधी होतं, आणि ते टेबलापाशी करू नये. जवळच पाट मांडा, त्याच्याभोवती रांगोळी काढा. इथे रांगोळी हवीच. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी आधीपासून तयार ठेवा. पाटाभोवती तीच शेवंती, तोच खण वापरला की टेबल आणि पाट एका सणाचे वाटतात. पाट टेबलापासून चार-पाच फूट लांब असू द्या, वाढपाच्या वाटेत रांगोळी पुसली गेली की सगळ्यांनाच हळहळ वाटते.

काय ठेवू नये

कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत. त्यांची फुलं दिसायला सुंदर असली तरी जेवणाच्या टेबलावर नकोत. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, त्यामुळे श्रीखंडावर झेंडूची पाकळी टाकायची नाही. पदार्थावर पाकळी हवीच तर घरच्या कुंडीतला गावठी गुलाब धुऊन घ्या. निशिगंध आणि मोगरा टेबलावर ठेवले तर साजूक तुपाचा वास लपतो. ते दारातल्या घंगाळ्यात ठेवा, येणाऱ्याचं स्वागत तिथे होऊ दे. फुलं आणल्या आणल्या कागदावर पसरून झटका, मुंग्या आणि बारीक किडे तिथेच गळतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गोठवलेली केळीची पानं आशियाई दुकानांत मिळतात. ती घडीसकट फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सावकाश मोकळी होऊ द्या, घाईनं उलगडलेली घडीवरच तुटतात. आणि नोव्हेंबरात झेंडू मिळाला नाही तरी शेवंतीच्या जातीची फुलं बहुतेक सगळीकडे असतात, त्यातली लहान पांढरी निवडा. समई, पणत्या धुराच्या अलार्मच्या खाली लावू नका.

कामाची वाटणी

दोन दिवस आधी चादर-खण धुऊन इस्त्री करा, पितळ घासा, पुठ्ठ्याच्या कमानी कापून ठेवा. आदल्या दिवशी केळीची आणि आंब्याची पानं आणा, पणत्या भिजवा, दिव्याची वेळ मोजा, आणि रिकामी ताटं-वाट्या मांडून एकदा स्वतः खुर्चीवर बसून पाहा. फुलं त्याच दिवशी सकाळी. दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात सकाळी लवकर ताजी मिळतात, पण लक्ष्मीपूजनाच्या आसपास भाव चढलेले असतात, म्हणून नेहमीच्या फुलवाल्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. सकाळी महिरपी ओवायच्या, दुपारी पानं शेकून कापायची, पाहुणे यायच्या तासभर आधी घंगाळी भरायची. भरलेलं घंगाळं उचलून आणू नका, ते टेबलावर ठेवून मगच पाणी ओता. दिवे सगळे बसल्यावर, मीठ-लिंबू वाढून झाल्यावर लावा.

जेवणानंतर

चादरीवर हळद सांडली तर साबण लावल्याबरोबर डाग लालभडक होतो. घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे हळद तसा रंग बदलते. धुऊन कडक उन्हात वाळवा, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडत जातो. तेलाच्या डागावर लगेच बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून अर्धा तास राहू द्या, झटका आणि मग धुवा. मेण सांडलं असेल तर बर्फ फिरवून खरवडा, उरलेल्यावर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की कागद मेण शोषून घेतो. खणाला मात्र डाग लागल्या जागीच थंड पाण्यानं टिपा, चोळू नका.

महिरपींतले दोरे ओढून काढा आणि फुलं कुंडीच्या खतात टाका. पुठ्ठ्याच्या कमानी पुसून, वाळवून, एकावर एक ठेवल्या तर पुढच्या सणाला नुसती फुलं ओवायची राहतात.